उलटं कुंपण

३ मार्च, रविवार

कुंपण घालणार म्हणे! घराभोवती, चारी बाजूंनी, लाकडी फळ्यांचं. लेकीने जेवताना जाहीर केलं. विचारलं नाही — जाहीर केलं. का? तर "बाबा, मोकाट कुत्री येतात, कुंड्या उकरतात." कुत्री येतात खरी. पण ती कित्येक वर्षं येताहेत. तेव्हा कुणाला कुंड्यांचा एवढा कळवळा नव्हता.

जावई कामासाठी परगावी असतो. त्यालाही फोनवर पटलेलं दिसतंय. दोघांचं एकमत झालं की मला विचारायचं कारणच उरत नाही.

माझं कुंपणाशी काही वाकडं नाही. मला सकाळी दुकानात जाऊ द्यावं, एवढंच. शिंपीकामाचं दुकान माझं होतं, आता धंद्यातला जोडीदार चालवतो. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हाताने काजं करतो. मशीनवर काय, कुणीही करील! पण गेल्या महिन्यात ते झालं, तेव्हापासून लेक मला एकटं सोडायला कां कूं करते. झालं काय एवढं? पाय दुकानाऐवजी आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीकडे वळले. तिथल्या बाईने बसवलं, पाणी दिलं, लेकीला फोन केला. पायांना जुनी सवय असते. त्यावर एवढं रडायचं काय कारण?

"पुन्हा असं झालं तर दुकान बंद हं, बाबा," म्हणाली. बघू.

५ मार्च, मंगळवार

कुंपणाचा कंत्राटदार आला. एका कानाला मोबाइल, दुसऱ्या कानावर पेन्सिल. वाक्यागणिक 'नक्की'. "शुक्रवारी सुरू, नक्की." "चार दिवसांत फाटकासकट उभं, नक्की." मी त्याचं नाव नक्कीशेठ ठेवलं. आणि मला आजोबा म्हणाला! स्वतःचा कलप कानाशी उघडा पडलाय — आणि मी आजोबा!

माप घेताना टेप मध्येच लोंबत होती. म्हटलं, ताणून धर. तर म्हणे, "लाकूड आहे आजोबा, झबलं नाही शिवायचं." लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून मी गप्प बसलो.

८ मार्च, शुक्रवार

आला नाही.

९ मार्च

आजही नाही. फोन वाजतो, उचलत नाही.

११ मार्च, सोमवार

दोन माणसं आली, खड्डे खणले, चहा प्यायले आणि गेली. आता लेकीला आयतं कारण मिळालं — "बाबा, खड्डे आहेत, बाहेर पडू नका." वा! कुंपण व्हायच्या आधीच कुंपण!

जोडीदाराला फोन केला. "ये निवांत, काजं कुठे पळून जात नाहीत." पळून जात नाहीत, पण दुसऱ्याच्या हातात जातात. बोटं नुसती वळवळतात. शेवटी उशीच्या अभ्र्याला काजं केली. बटणं नाहीतच, नुसती काजं. लेकीने पाहिलं. घडी घालून ठेवून दिला.

१४ मार्च

गाडीचा आवाज आला की मी खिडकीशी. दूधवाला. पुन्हा आवाज, पुन्हा खिडकीशी. शेजारचे. दिवसभर हेच.

संध्याकाळी लेक फोनवर नक्कीशेठला झापत होती. "दादा, तुम्हाला कळत कसं नाही? मी ऑफिसात असते, घरी एकटे—" मला पाहिलं आणि थांबली. मग एकदम कुत्र्यांवर बोलायला लागली.

१६ मार्च

खांब रोवले! एक खांब तिरका होता. मी दाखवला. नक्कीशेठने एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं, मग म्हणाला, "जमीनच तिरकी आहे." याला म्हणतात नाचता येईना, अंगण वाकडं!

१९ मार्च, मंगळवार

फळ्या लागल्या. सगळ्या उलट्या!

कुंपणालासुद्धा सुलटी बाजू असते. गुळगुळीत फळ्या रस्त्याकडे, त्यांना धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि खिळे घराकडे. गल्लीतली सगळी कुंपणं तशीच आहेत. सदऱ्याचं तरी वेगळं काय असतं? चांगली बाजू जगाला, शिलाई अंगाला. या गृहस्थाने पट्ट्या रस्त्याकडे ठोकल्या! सगळ्या गल्लीत आमच्याच घराने सदरा उलटा घातलाय.

म्हटलं, काढ सगळं. तो माझ्याकडे बघेचना. "ताईंनी असंच सांगितलंय, आजोबा." खोटारडा! स्वतःची चूक बाईमाणसाच्या माथी!

लेक घरी आल्याआल्या सांगितलं, याला चांगला हिसका दाखव. एक टोमॅटो नासका निघाला तर दुकान डोक्यावर घेणारी ती! आज म्हणाली, "असू द्या बाबा. छान दिसतंय."

छान?

२१ मार्च, गुरुवार

फाटक बसलं. लेक ऑफिसला गेल्यावर मी सदरा घातला, टोपी घातली, चष्मा पुसला. खड्डे बुजले, कुंपण झालं, आता दुकान! फाटकाशी गेलो. कडी सापडेना. वर चाचपलं, खाली चाचपलं. आतून नुसती सपाट फळी. कडी बाहेर आहे.

मग पट्ट्यांचा उलगडा झाला. पट्ट्या आत असत्या तर पाय देऊन चढता आलं असतं. आता आतून पाय ठेवायला जागा नाही. बरोबरच सांगत होता नक्कीशेठ!

कुंड्या, म्हणे! कुत्रं कोण ते कळलं.

संध्याकाळी मी नको नको ते बोललो. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणालो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत — आता मी सरडा, म्हणालो. ती ऐकून घेत होती, मग फुटली. "ऑफिसात फोन वाजला की वाटतं, तुम्ही पुन्हा हरवलात, बाबा. दर वेळी. शेजारच्या काकू दुपारी डोकावणार आहेत, तुम्हाला काही कोंडून नाही घातलं मी!" म्हटलं, मग काय घातलंस? "आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. पण सांगायचं तरी होतं.

२२ मार्च

जेवलो नाही. बोललो नाही. तीही नाही.

२३ मार्च, शनिवार

"सोमवारी बोलावलंय त्यांना," लेक म्हणाली. "कडी आत लावून देतील. फळ्याही फिरवून देतील. तोपर्यंत मी कडी लावणार नाही. झालं समाधान?" रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पण अगदी सरळ आवाजात म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

जिंकलो! दुपारी पोटभर जेवलो.

२४ मार्च, रविवार

लिहू की नको, असं चाललंय मघापासून. लिहितो. इथे कोण वाचतंय!

लेक बाजारात गेली. फाटक नुसतं लोटलेलं. मी निघालो. दुकानापर्यंत व्यवस्थित गेलो, एकही वळण चुकलं नाही. दुकान बंद. रविवार! माझ्याच दुकानाची सुट्टी मी विसरलो. बरं, असतं माणसाला एखादं विसरणं. परत फिरलो.

आमच्या गल्लीत आलो. गल्ली आमचीच, ते ठाऊक होतं. घर सापडेना. सगळी घरं एकाच कापडातून बेतलेली — तेच छप्पर, त्याच पायऱ्या, तसंच कुंपण. शेवटापर्यंत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. लेकीचं नाव तोंडात होतं, पण दार कुठलं ते नाही. एका खिडकीतून कुणीतरी बघत होतं, तेव्हा मी उगाच घड्याळ बघितलं. भीती वाटली. लहानपणी बाजारात आईचं बोट सुटलं होतं, तशीच. या वयात!

आणि मग पट्ट्या दिसल्या. आडव्या पट्ट्या, खिळ्यांची डोकी, एक खांब तिरका. शिलाई बाहेर! एवढं उलटं काम गल्लीत एकाच घराचं. पट्टीवर हात ठेवला आणि फाटकापर्यंत तसाच, हात न उचलता आलो.

लेक नंतर आली. "काय केलंत एवढा वेळ?"

"काही नाही. पेपर वाचला."

२५ मार्च, सोमवार

नक्कीशेठ सांगितल्या वेळेला हजर! पिशवीतून हत्यारं काढली. "बोला आजोबा, कडी आत ना? आणि फळ्या फिरवू?" लेक ऑफिसची पर्स घेऊन दारात उभी होती. म्हटलं, "फळ्या राहू देत. कडीही राहू दे." त्याने लेकीकडे पाहिलं, लेकीने माझ्याकडे. तिने पर्स या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतली.

शेवटी मीच म्हटलं, "जाताना कडी लाव गं. तुला उशीर होतोय."