सतरा दिवस तोंड मिटून

प्रिय जान्हवी,

पत्र पाहून घाबरू नकोस, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या तब्येतीचंही विचारत नाही, तसं ठरवलंय. तू आमच्याकडे ठेवलेल्या टाकीतल्या त्या काळ्या पट्ट्यांच्या कार्डिनल माशाबद्दल सांगायचंय.

त्यानं अंडी तोंडात घेतली होती. मादी अंडी देऊन मोकळी, आणि पिल्लं सुटेपर्यंत हा बाप उपाशी! मुळात जीव लाजाळू, दिवसभर खडकाच्या कपारीत, अंधार पडला की बाहेर. त्याला एकटा सोडा, असं तू बजावलं होतंस. मीही सोडलाच असता. पण कांताबाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या, "काका, ह्याचे गाल सुजलेत, खातबी न्हाई. मरून राह्यलंय बघा." झालं, माझा धीर सुटला.

बदनापूरच्या संशोधन केंद्रात तीस वर्षं तुरीची रोपं मोजलेला माणूस मी. रोज जाऊन पाहिल्याशिवाय काही उगवतं, यावर माझा विश्वासच नाही. दर तासाला टॉर्च घेऊन टाकीपाशी उभा. वहीत नोंद: गाल फुगलेले, अंडी आहेत. मधे पाच तास वीज गेली, तेव्हा बॅटरीवरचा पंप लावून राखण केली. तेही निभावलं. तुझी आई वैतागून म्हणाली, "अहो, पोलीस चौकी आहे का ही?" मी कशाला ऐकतोय!

सतराव्या रात्री हालचाल दिसेना. मी टॉर्च थेट काचेला टेकवला. तो दचकून कपारीत घुसला. सकाळी पाहतो तर गाल सपाट, आणि टाकीत पिल्लू एकही नाही. घाबरला की नर अंडी गिळून टाकतो, हे तूच मला सांगितलं होतंस. वीज गेली त्यातून वाचली होती गं ती. माझ्या पहाऱ्यातून वाचली नाहीत.

तुला तिसरा महिना लागलाय. मागच्या वेळचं दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही, म्हणून दिवसातून सहा-सहा फोन करतो: जेवलीस का, जिना चढलीस का, डॉक्टर काय म्हणाले. परवा तू रडत म्हणालीस, "बाबा, तुमचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो." त्या दिवशी मी तुझ्यावरच रागावलो. चुकलो, जानू. रविवारचं माझं पुण्याचं तिकीट रद्द केलंय, आई एकटी येईल. मी फोन करणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू कर, नाही वाटलं तर नको करूस. मला भीती वाटतेच आहे, पण ती माझी मी पाहून घेईन.

तुझाच, लांबूनच,
बाबा