अठरा उणे तीन, एकवीस

मुलुंड, ८ डिसेंबर १९५६

प्रिय पद्मजा,

"सर, मीच हिचं बघितलं." सत्तावीस वर्षं झाली, तुझं हे वाक्य अजून कानात आहे. सहामाहीला बीजगणिताच्या पेपरात तू पक्षांतर करताना चिन्ह बदलायला विसरलीस. 'अठरा उणे तीन' लिहिलंस आणि पुढच्या ओळीत, मनात बरोबर धरलेलं होतं म्हणून, 'एकवीस' मांडलंस. माझ्याही पेपरात अगदी तेच. चूक तुझी होती. उतरवली मी होती. आप्पा मला घरी बसवतील हे तुला ठाऊक होतं. तुझे काका चार दिवस रागावतील नि विसरतील, असं तू धरून चाललीस. ते विसरले नाहीत. तुझी शाळा सुटली. मी गप्प राहिले, आणि पुढे गणिताचीच बाई झाले.

माझ्या नीलाचे फ्रॉक शिवून घ्यायला वाकोल्याला तुझ्याकडे येत राहिले. तू तोंडात टाचण्या धरून "वाढतं अंग आहे गं, दुमड ठेवते" म्हणायचीस. त्या पेपराबद्दल कधी अवाक्षर नाही. माझीही जीभ रेटली नाही.

परवा नववीचे पेपर तपासताना माणिक आणि अनुपमा, दोघींची चूक एकाच पायरीवर सापडली. विचारलं, तर माणिक उठून म्हणाली, "बाई, मीच हिचं बघितलं." दोघींना फळ्यापाशी बोलावलं, तसंच एक उदाहरण घातलं. माणिकनं प्रत्येक पायरी कारणासकट सांगितली. अनुपमा पक्षांतराशी अडली आणि रडायलाच लागली. "हिनं नाही बाई, मी बघितलं!"

मग मी खुर्चीवर बसले आणि वर्गाला सांगितलं, मीसुद्धा. तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं. हेडबाईंनाही सांगून आले. त्या म्हणाल्या, "बरं झालं. घंटा झाली, तासाला जा." पद्मा, जिना उतरताना किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पण तुला अजून सांगितलं नव्हतं, म्हणून हे पत्र. चुकलं माझं. आणि एक मागणं आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. ये, आणि मुलींना आपलं ते समीकरण फळ्यावर सोडवून दाखव, एकेक पायरी. "चल, काहीतरीच तुझं!" म्हणशील, लग्नसराईची कारणं काढशील. येणार नाहीस, माहीत आहे. तरी ये. कापडावर का होईना, खडू तर तुझ्याही हातात रोज असतो.

तुझ्याच बाकावरची,
सुनंदा