कठीण खडक म्हणून नोंदलेल्या आत्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
जलवाहिनी विभाग (खोदाई शाखा)

विषय : चरातील 'कठीण खडक' ही अर्जदाराची सख्खी आत्या असल्याने तिला लावावयाचा सुरुंग रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) ठेक्यातील 'खोदाईच्या मालाचे वर्गीकरण' हे कलम.
२) आपल्या कार्यालयाचे 'प्रति, खडक' असे लिहून आमच्या दारी आलेले पत्र.

महोदय,

अर्जदार शिवणयंत्रे दुरुस्त करतो. तो कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, आणि खडकाशी त्याचा आजवर काडीचा संबंध आलेला नव्हता. तरी पुढील हकिकत शांतपणे वाचावी, ही विनंती.

१. नव्या नळासाठी गल्लीत चर खणण्याचे काम सुरू आहे. चराची रेषा अर्जदाराच्या दाराच्या दगडी पायरीखालून जाते. त्या पायरीवर आत्या रोज सकाळी भाजी निवडत बसते. मजूर आले तेव्हाही ती बसलेली होती. "आजी, जरा उठता का?" असे त्यांनी विचारले. "नाही उठत," असे तिने सांगितले. मजूर बिचारे भले. त्यांनी पायरीच्या दोन्ही अंगांनी चर खणत नेला आणि मध्ये आत्या पायरीसकट तशीच राहिली.

२. मग मोजणीसाठी ओव्हरसियर आले. माणूस पापभीरू, कलमाबाहेर श्वासही न घेणारा. कलम असे आहे की चराच्या रेषेत जे काही आडवे येईल ते माती, मुरूम, मऊ खडक किंवा कठीण खडक यांपैकी एकच असेल. फावड्याने उचलले गेले तर माती, कुदळीने निघाले तर मुरूम, पहारीने हटले तर मऊ खडक. कशालाच दाद दिली नाही तर कठीण खडक, आणि तो सुरुंगानेच काढावा. पाचवा रकाना नाही. ओव्हरसियरांनी फावडेवाला, कुदळवाला आणि पहारवाला असे तिघे आत्यासमोर ओळीने उभे केले. अंगाला कोणी बोट लावले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. आत्याने तिघांना न्याहाळले आणि पहारवाला रिकामा दिसला म्हणून त्याच्यापुढे शेंगा सोलायला ठेवल्या. नोंद झाली : 'पहारीस दाद नाही. कठीण खडक.'

३. अर्जदार धावतपळत आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरील बाईंनी विचारले, "खडक तुमचाच का?" अर्जदाराने होय म्हटले, कारण नाही म्हणवेना. अर्ध्या घनमीटरहून लहान सुटा धोंडा मातीत धरावा, असे त्याच कलमात आहे. आत्या वाळकुडी आहे, टोपलीसकट मोजली तरी अर्धा घनमीटर भरणार नाही. सबब तिला माती धरावे, असे अर्जदाराने सुचविले. उत्तर मिळाले की ती सुटी नसून घराशी संलग्न आहे. ती जेवायला आपल्या पायांनी उठते, तिला कसलेही हत्यार लागत नाही, असेही सांगून पाहिले. त्यावर, जो माल हटवल्यानंतर पुन्हा जागेवर येतो तो हटवला असे धरता येत नाही, असे समजावण्यात आले. बाई समजावत होत्या अगदी मायेने.

४. माती धरण्याची सूचना आत्याच्या कानावर गेली आणि अर्जदाराची धडगत राहिली नाही. "परक्या माणसाने मला कठीण खडक म्हटलं, आणि तू माझाच भाचा असून माती करायला निघालास?" असे म्हणून तिने अर्जदाराला त्या दिवशी चहा दिला नाही.

५. पुढे संदर्भ क्र. २ चे पत्र आले. खडकाने सुरुंगाच्या दिवशी सकाळी जागेवर उपस्थित राहावे, असे त्यात होते. आत्याने ते वाचून सही केली, आणि शेजाऱ्यांना खिडक्या लावून घ्या म्हणून स्वतः ओरडून सांगितले. लोक हसले. अर्जदाराला हसू आले नाही. आईवडील गेल्यावर याच बाईने त्याला वाढवले आहे. त्या दिवशी त्याने एकही यंत्र दुरुस्तीला घेतले नाही.

६. त्या संध्याकाळी दुसरे काही सुचेना म्हणून अर्जदार पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसला. बसल्यावर त्याला आठवले की लहानपणी या घरी प्रथम आला तेव्हा तोही याच पायरीवर बसला होता आणि आत जायला तयार नव्हता. सगळ्यांनी त्याला ओढून पाहिले, खाऊ दाखवून पाहिला. आत्या मात्र नुसती शेजारी येऊन बसली होती. अंधार पडल्यावर तो आपणहून उठला होता. हे आठवून अर्जदाराने, इतक्या दिवसांत कोणीच न विचारलेले, विचारले, "आत्या, का गं उठत नाहीस?" ती म्हणाली, "निघालेला दगड सरकारजमा होतो म्हणे. ही पायरी नेतील, परत कोण आणून देणार? तू हिच्यावरून घरात आलास." थोड्या वेळाने म्हणाली, "आता तू बसलास ना, मग मी जाते. पाठ फार दुखते रे." आणि उठून आत गेली.

७. खडक हटल्याचे अर्जदाराने दुसऱ्याच दिवशी कळविले. 'कोणत्या हत्याराने?' हा रकाना रिकामा राहतो म्हणून ओव्हरसियर नोंद रद्द करू शकत नाहीत. 'शेजारी बसून' असे लिहिले तर वर चालणार नाही, असे ते डोळे पुसत म्हणाले. सबब आत्या घरात झोपलेली असूनही तिच्या नावचा सुरुंग अजून कायम आहे.

तरी विनंती की सुरुंग रद्द व्हावा, चर बुजवताना पायरी होती तिथे परत बसवावी, आणि तसे लेखी मिळावे. ते मिळेपर्यंत पायरीवर अर्जदार बसला आहे. हा अर्जही तेथूनच लिहिला आहे. अर्जदार कोणत्या वर्गात मोडतो, हे ठरविण्यास फावडे, कुदळ, पहार यांपैकी काही आणू नये. साहेबांनी एकट्याने यावे. पायरी रुंद आहे, दोघांना पुरते.

आपला नम्र आणि तूर्त जागचा न हलणारा,
(सही)
शिवणयंत्रे दुरुस्त करणारा, खडकाचा भाचा
दिनांक : पायरीवर बसल्याचा तिसरा दिवस

सोबत : १) आत्याचे छायाचित्र, उठलेल्या अवस्थेत.
२) बसकर एक, साहेबांसाठी. सकाळी दगड गार असतो.