संदर्भ नसलेली ओळ

प्रिय ठकू,

उद्या आई तुझ्याकडे यायला निघतेय. तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात हे पाकीट असेल. आत काय आहे ते तिला माहीत नाही. तिने विचारलंही नाही, एवढंच म्हणाली, "चार वर्षांनी लेकीला लिहिताय, निदान लाल शाई वापरू नका." निळ्या शाईनेच लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलंय ते वयामुळे नाही, घाबरलोय म्हणून.

तू नोकरीसाठी थायलंडला निघालीस तेव्हा मी तुला सोडायला आलो नाही. टेबलावर तू ठेवलेली चिठ्ठी मात्र वाचली, तिच्यातले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईने दुरुस्त केले आणि ती फ्रिजवर लावली. दादाने तिचा फोटो तुला पाठवला. तू हसशील असं त्या बिचाऱ्याला वाटलं. त्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, आणि तुझं काही चुकलं नाही. एकतीस वर्षं नकाशांच्या छापखान्यात मुद्रितं तपासून माझा स्वभावच तसा झाला, असं मी मनाला समजावत आलो. खरं म्हणजे मला "एकटी जातेयस, जीव घाबरा होतो" एवढंच म्हणायचं होतं. ते जमलं नाही, म्हणून वेलांट्या सुधारत बसलो.

दर रविवारी तुझा आईला फोन यायचा. मी आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून बसायचो आणि कान दाराला लावायचो. तुझ्या तोंडून, म्हणजे आईच्या तोंडून, नदी, डोंगरातली गावं, हिवतापाचं तुमचं पथक, रोज तुम्हाला घेऊन जाणारे ड्रायव्हरकाका, असं एकेक कळत गेलं. मग एकदा मी इंग्रजी ऑनलाइन ज्ञानकोशात तुझ्या प्रांताचं पान उघडलं. सात परिच्छेद आणि बावीस चुका! क्षेत्रफळ वर एक, खाली दुसरं. लोकसंख्या पंधरा वर्षांपूर्वीची. एकाच देवळाच्या दोन जन्मतारखा, मधे दोनशे वर्षांचं अंतर. तिथे कोणालाही दुरुस्ती करता येते. मी टोपणनावाने खातं काढलं आणि कामाला लागलो. दुपारची झोप गेली. आई म्हणायची, "तुम्हाला त्या प्रांताचं पाटील कोणी केलं?" मी काय सांगणार? तू जिथे राहतेस तिथे पाय ठेवायचं तोंड मला नव्हतं. निदान त्या जागेचं क्षेत्रफळ तरी बरोबर असावं, असं वाटायचं.

आता मुद्द्याचं. तीन परिच्छेद झाले, मी टाळाटाळ करतोय हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

वाहतुकीच्या भागात दोन ओळी होत्या. पहिली, उत्तरेच्या रस्त्याने डोंगरातल्या गावांना वर्षभर जाता येतं. हिला एका प्रवासी पुस्तिकेचा संदर्भ होता. दुसरी, पावसाळ्यात नदीवरचा जुना पूल अचानक बुडतो, तेव्हा हा रस्ता टाळावा. हिला संदर्भ नव्हता. नियमाप्रमाणे मी तिच्यापुढे "संदर्भ हवा" अशी खूण केली, सहा आठवडे थांबलो आणि ती काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी चर्चेच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, "मी इथेच राहतो. दरवर्षी पूल बुडताना बघतो. ओळ परत घाला." मी उत्तर दिलं, "डोळे हा संदर्भ होत नाही. छापील पुरावा द्या." त्याने ओळ परत घातली, मी परत काढली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. जिंकलो म्हणून मी त्या दिवशी स्वतः चहा केला, आईलाही दिला. तिला नवल वाटलं.

गेल्या महिन्यातल्या त्या मंगळवारी दुपारी पानावर कोणीतरी नवी ओळ टाकल्याची सूचना आली. "पुरात आरोग्य पथकाची गाडी जुन्या पुलावरून वाहून गेली, चार जण बेपत्ता." ठकू, मी ती ओळ वाचली आणि माझा हात सवयीने संदर्भ शोधायला गेला. मग तुझा नंबर फिरवला. फोन लागेना. शेजारच्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत होती, गुणगुणत होती, आणि मला तिला हाक मारता येईना. पानावरचा आकडा बदलत होता. चार, मग तीन, मग पाच. त्यातला खरा कोणता हे तपासायचं काम मीच अंगावर घेतलेलं, आणि त्यात तू आहेस की नाही हेच मला ठाऊक नव्हतं. तिकडची वर्तमानपत्रं उघडली, यंत्राकडून भाषांतर करून घेतलं. एका बातमीत होतं, "परदेशी महिला सापडली." एवढंच. जिवंत सापडली की कशी, ते नाही. तो एक शब्द मी किती वेळा वाचला असेन याला गणती नाही. शेवटी आईच दारात आली, माझा चेहरा बघितला आणि खाली जमिनीवर बसली. पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघांनाही कळलं असतं की समोरच्याने आशा सोडलीय.

गुरुवारी तुझ्या ऑफिसातून फोन आला. तू जिवंत होतीस. झाडाच्या फांदीला धरून राहिलीस, हात मोडला, पण होतीस. आई रडत होती, दादा विमानाचं तिकीट काढत होता, आणि त्या गडबडीत तुझ्या बापाने काय केलं? आत जाऊन, कोणाचं लक्ष नाही असं बघून, ती काढलेली ओळ पानावर परत घातली आणि "वर्षभर जाता येतं" ही पुसून टाकली. आता संदर्भ मिळाला होता. तुझ्याच अपघाताची बातमी.

परवा दादाने तुझ्याकडून परत आल्यावर सगळं सांगितलं. ड्रायव्हरकाका गाडी पुलावर घालायला तयार नव्हते, नव्या डॉक्टरांनी मोबाइल काढून दाखवला, "हे बघा, वर्षभर जाता येतं असं लिहिलंय," आणि साहेबापुढे काकांनी मान खाली घालून गाडी काढली. तुम्ही तिघं वाचलात, काकांचा देह तिसऱ्या दिवशी सापडला. तुमच्यातले डॉक्टर अजून शुद्धीवर नाहीत. चौकशीत तू हे सगळं सांगितलंस. त्यांनी पान उघडलं तर तिथे धोक्याचा इशारा ठळक दिसत होता. म्हणजे दोष काकांचा, असं ठरत आलंय. काका प्यायले असतील, असंही गावात लोक बोलायला लागलेत. काकांची बायको येईल त्याला एकच विचारते, उभा जन्म ही नदी बघितलेला माणूस तिच्यात गाडी घालेल कसा? आणि तू दादाला म्हणालीस, "डोक्याला मार लागला होता, कदाचित मलाच भास झाला असेल."

तुला भास झालेला नाही. हे वाक्य लिहिण्यासाठीच पत्र लिहायला बसलो आणि किती वळसे घेतले बघ. डॉक्टरांनी दाखवलं त्या दिवशी पानावर तेच लिहिलेलं होतं. त्या पानाचा प्रत्येक बदल तारीखवेळेसकट जपून ठेवलेला असतो. ती सगळी पानं छापून सोबत जोडली आहेत. ओळ कोणी काढली, कोणी विनवण्या केल्या, कोणी झिडकारलं आणि गुरुवारी गुपचूप परत कोणी घातली, सगळं त्यात आहे. ते टोपणनाव माझं आहे, असं मी सही करून खाली लिहिलंय. चौकशीवाल्यांना हे मिळाल्याबरोबर दे. आईला सांगायचं का, कधी, ते तुझ्यावर सोडतो. मला मात्र तिथे यायचंय. काकांच्या बायकोसमोर बसून, तुमचा नवरा शहाणा होता, चूक माझी होती, हे माझ्या तोंडाने सांगायचंय. पण तिची भाषा मला येत नाही, तुला येते. माझं बोलणं तू तिला सांगशील का? माझ्या शेजारी बसणं तुला जमणार नसेल तर तसं कळव. मग मी दुसरा दुभाषी शोधेन, पण येईन.

तुझ्या "हो"ची किंवा "नाही"ची वाट बघणारा,
तुझाच,
बाबा