पालीची केबल बंद झाली त्याविषयी

पाली, २० नोव्हेंबर २००७

ती. मालिनीताईस,

गोपाळचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घालता येत नाही, कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? यंदा वाशिष्ठीचं पाणी पायरीपर्यंत आलं होतं असं कळलं. भावोजींनी धान्य वेळेवर माळ्यावर चढवलं असेलच. इकडे आम्ही आहोत. यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही, तरी लिहितो.

माझी केबल बंद झाली. अठ्ठ्याण्णव साली घरामागच्या कातळावर बारा फुटी छत्री उभी केली तेव्हा नारळ तूच वाढवला होतास. फणसावरून, माडांवरून, एकदा तर शाळेच्या घंटेच्या खांबावरून वायर ओढून मी तीनशे घरांत चित्र पोचवलं. वांदरांनी वायरीवर झोके घेतले, विजेने दोन अँप्लिफायर जाळले. पण ऐन सामन्यात टीव्हीत मुंग्या आल्या की लोक मला हाक मारायचे. (त्या हाकांत शिव्याही असत, पण माझ्या नावाने असत.)

मग गेल्या वर्षी ‘नभांगण’ कंपनीची परातीएवढी छत्री आली. त्यांचा पहिला माणूस बाजारात उतरला आणि त्याने सखाराम गुरवाचं घर विचारलं, तेही मलाच. फार अदबशीर गृहस्थ. मी त्याला घरापर्यंत नेलं. त्याच्याकडे शिडी नव्हती, म्हणून माझी दिली. छत्री लागल्यावर सखारामने आम्हा दोघांना कोकम सरबत दिलं आणि माझी वायर नीट गुंडाळून माझ्या हातात ठेवली. वर्षभरात अशी इतकी भेंडोळी घरी आली, की पडवीत पाय ठेवायला जागा नाही.

तरी गणपतीपर्यंत चाळीसेक घरं टिकून होती. त्यांच्यासाठी चालू ठेवायचं असं मी ठरवलं होतं. गेल्या मंगळवारी टाकी गळते म्हणून न्हाणीघराच्या स्लॅबवर चढलो, तर टाकीमागे झावळीखाली झाकलेली नभांगणची छत्री. आमच्याच घरावर, ताई. उतरताना शिडीच्या दोन पायऱ्या चुकलो (कंबर ती हीच).

ती तुझ्या भावजयीनेच गुपचूप बसवून घेतली होती. मला वाटलं, दर्शना रडेल, नाहीतर भांडेल. तिने माझ्या कमरेला तेल चोळता चोळता शांतपणे सांगितलं, “नऊ वर्षं अख्ख्या पालीचं चित्र नीट केलंत. आपलं गेलं की म्हणायचात, आधी गिऱ्हाइकं. आपली पाळी कधी आलीच नाही.”

मुंग्यांकडे बघत ती भाजी निवडत बसायची, हे मी पाहिलेलं आहे. पाहून, शिडी खांद्यावर टाकून दुसऱ्यांकडे गेलेलो आहे. दुसऱ्या दिवशी लंगडत उरलेल्या घरांत सांगून आलो आणि कंट्रोल रूमचा खटका पाडला. संध्याकाळी तिच्याशेजारी बसून एक अख्खी मालिका पाहिली. चित्र अगदी स्वच्छ होतं. तेच फार लागलं.

भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्यांना जप.

तुझा,
गोपाळ

ता. क. – पत्र खरं यासाठीच. तुमच्या चिपळूणला नभांगणच्या डीलरला छत्र्या बसवणारा माणूस हवा आहे. भावोजींची ओळख आहे, शब्द टाकतील का? दर्शनाला मात्र कळू देऊ नकोस. त्या कंपनीच्या दारात पाणीसुद्धा पिणार नाही, असं तिच्यापुढे म्हणून बसलो आहे.

ता. क. २ – दर्शनाने पाकिटात घालताना पत्र वाचलं. म्हणते, तिने तुला परवाच फोन केला, भावोजींनी शब्दही टाकला, आणि मी सोमवारी तिथे हजर व्हायचं आहे. तेव्हा वरचं सगळं वाचलं नाहीस तरी चालेल. पण फाडू नकोस.