पार्वताबाईचा दमा आणि माझी धमनी

२५ ऑक्टोबर १९३६, दसरा. अमरावती.
आजपासून संशोधन. नुसते ताप-खोकले तपासायला मी नागपूरला डॉक्टरकी शिकत चार वर्षं घासली नाहीत. विषय पक्का: दमा. फुफ्फुसात मोठ्या धमनीतून रक्त जातं हे कुणीही सांगेल. पण श्वासनळ्यांना पोसणारी वेगळी बारीक धमनी असते. ब्राँकियल. सुतळीएवढी. तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. माझं मत असं की ती आक्रसते, नळ्या उपाशी पडतात, माणसाला दम लागतो. ३१ जानेवारीला अकोल्यात वऱ्हाडातल्या डॉक्टरांची परिषद आहे. तिथे निबंध वाचायचा. रोज पहाटे पाचला उठणे.

२६ ऑक्टोबर. सकाळी ८.
आत्ता उठलो. काल सोनं वाटताना फार चालणं झालं.

२ नोव्हेंबर, सोमवार.
रोगी मिळाली. पार्वताबाई, वय चाळीस. अकरा वर्षं जिनात, सरकी काढायच्या यंत्रात कापूस घालायच्या कामावर. नवरा जानराव तिथेच गाठी उचलतो. मी त्या जिनाचा डॉक्टर, त्यामुळे शोधावं लागलं नाही. म्हणाली, "इतवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेली का छाती आवळते जी. शनवारपावतर ढिली होते. जिन बंद तं दमबी बंद." रोग्यांना वारांचं फार वेड. रोगनोंदीत घेतलं नाही.

५ नोव्हेंबर.
खाटकाकडून बकऱ्याचं फुफ्फुस आणलं. चारुशीला म्हणाली, हे घरात आलं तर मी तिवशाला माहेरी. संशोधकाच्या बायकोने असं बोलू नये. दवाखान्यामागच्या पडवीत बसलो. मेणात शेंदूर कालवून पिचकारीने धमनीत सोडलं. सुरेख लाल भरलं.

६ नोव्हेंबर.
ती अन्ननळी होती.

१२ नोव्हेंबर.
पार्वताबाई लेकीच्या बाळंतपणाला हिवरखेडला चालली. धमनी सैल करायला केलेल्या माझ्या मिश्रणाच्या दोन बाटल्या दिल्या. दिवसातून तीनदा, जेवणानंतर. तिने बाटल्या पदरात बांधल्या आणि विचारलं, "तिथं कापूस नाई जी, तरी घ्याचं का?" अडाणीपणा. घ्यायचं म्हणालो.

८ डिसेंबर.
विजय! पार्वताबाई परतली. सरळ चालत आली, थांबली नाही, छातीत आवाज नाही. निबंधाचं शेवटचं पान आधी लिहून टाकलं.

९ डिसेंबर.
चारुशीलेचं म्हणणं, पार्वताबाईने दोन्ही बाटल्या परत आणून दिल्या. बुचंही काढलेली नाहीत. बाळंतिणीच्या घाईत राहून गेलं, दुसऱ्या कुणाले द्या, असं म्हणाली म्हणे. निबंधात "औषध दिल्यानंतर" असं लिहीन. दिलं तर होतंच.

१४ डिसेंबर, सोमवार.
जिनाचे मॅनेजर खुशालराव दवाखान्यात आले. माझी धमनी त्यांना फार पटली. म्हणाले, "डॉक्टर, तुमी धमनीचंच धरून राहा. धुळीचं नाव निघालं का सरकारी लोक तपासाले येते." विज्ञानाची कदर असलेला माणूस. अकोल्याला जायला मोटार देतो म्हणाले.

४ जानेवारी १९३७, सोमवार.
पार्वताबाई पुन्हा जिनावर, आणि पुन्हा दम. चारुशीला म्हणाली, "खुशालरावांना सांगून तिला बाहेर सरकी वाळवायला लावा ना." बायकांना शास्त्र कळत नाही. ती जिनात काम करत असतानाच माझ्या औषधाने बरी झाली, तर धुळीचा संबंध नाही हे सिद्ध होईल. परिषदेपर्यंत काम तेच ठेवलं. औषध दुप्पट.

१८ जानेवारी, सोमवार.
पार्वताबाई दवाखान्याच्या पायरीवर बसली. बोलायला बराच वेळ लागला. "आता शनवारीबी ढिली होत नाई जी." मी धमनीचं चित्र रंगवत होतो, रंग वाळत होता. थोड्या वेळाने पाहिलं तर गेलेली.
उद्यापासून पाचला.

३१ जानेवारी. अकोला.
मोटार आली नाही. पार्वताबाईला घेऊन बडनेऱ्याहून गाडीने आलो. स्टेशनपासून मंडपापर्यंत ती चारदा थांबली. मी पुढे जाऊन उभा राहायचो.
निबंध सत्तावीस मिनिटं वाचला. चित्र उलटं लागलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग बरी झालेली रोगी म्हणून तिला पुढे बोलावलं. तिच्या घशातली शिट्टी मागच्या रांगेपर्यंत गेली असावी. अकोल्याचे म्हातारे डॉक्टर वामनराव उठले, तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि एवढंच विचारलं, "बाई, काम काय करता?" तिने सांगितलं. जिन, इतवार, सोमवार, हिवरखेड. एका वाक्यात तीनदा थांबून. वामनराव माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला तिथून काढली का नाही?" मी म्हणालो, तो निबंधाचा दुसरा भाग आहे.
चहा मिळाला.

१ फेब्रुवारी.
सगळ्यांना सांगितलं, परिषद उत्तम झाली. एका अर्थी झालीच. वामनरावांसारख्या माणसाने प्रश्न विचारला. जानरावाला म्हणालो, तुझ्या बायकोला अकोल्यात बरी करून दाखवलं. त्याने हात जोडले. तो खूश, मीही.
आज खुशालरावांना पत्र: पार्वताबाईला जिनाबाहेर काम द्यावे. लिहिणे.

४ फेब्रुवारी.
पत्राचा मसुदा केला. "धूळ" शब्द टाळून लिहिणं कठीण. उद्या.

९ फेब्रुवारी.
"हवापालट" लिहावं का? विचार चालू. चारुशीला आता ताट वाढते, उठते.

१५ फेब्रुवारी, सोमवार.
पार्वताबाई सकाळी जिनाच्या फाटकाशी बसली. भोंगा झाला तरी उठली नाही. मला बोलावलं. मी गेलो तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. बाया कामावर आत गेल्या होत्या. डोक्यावरच्या पदरात कापसाचे तंतू होते, ते मी काढत बसलो. किती वेळ ते माहीत नाही.

१६ फेब्रुवारी. सकाळी १०.
जानराव मरणाच्या दाखल्यासाठी आला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार केला. खुशालरावांचा माणूस बाहेर उभा होता. "दमा" लिहिलं. जानरावाला वाचता येत नाही. त्याने विचारलं, "काय लिवलं जी?" सांगितलं. त्याने कागदाची घडी केली. मग म्हणाला, "पण अकोल्याले तं तुमी तिले बरी केली होती ना जी?"
हो म्हणालो.