जहाजात झाडू कोण मारतं

अण्णा, पुरवणीसाठी मला एक लेख द्यायचा आहे. लहानपणी टीव्हीवर लागायच्या त्या अंतराळाच्या दोन जुन्या मालिकांपैकी चांगली कोणती, एवढाच विषय. संध्याकाळी सहापर्यंत हवा आहे. असले लेख मी एरवी तासाभरात लिहिते. आज सकाळपासून तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मालिका बाजूला राहून तुम्हीच कागदावर आलात. म्हणून आधी हे लिहून काढते. यात त्या दोन्ही मालिका येतील, आणि तो रविवारही येईल, ज्या दिवशी माझ्या हट्टापायी तुम्ही तुमची कामावरची पाळी काकांना दिलीत.

आपली खोली जालन्याच्या कारखान्यांमागच्या वस्तीत, लोखंड वितळवणाऱ्या भट्टीपासून हाकेच्या अंतरावर. भट्टीची घरघर घरात कायम असायची. आई भाकरी थापतेय, मी पाढे म्हणतेय, आणि खाली जमिनीतून ती चालूच आहे. इतकी सवय झालेली की ती ऐकूच यायची नाही. थांबली तरच कळायची. अवेळी थांबली की वस्तीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात येऊन उभ्या राहायच्या, कारखान्याच्या फाटकाकडे बघत. बहुतेक वेळा वीजच गेलेली असायची. मग त्या आत जायच्या. आई मात्र आत येऊनही थोडा वेळ तव्याकडे नुसती बघत बसायची.

तुमचं काम भंगार बघायचं. ट्रकमधून उतरलेलं भंगार भट्टीत जायच्या आधी तुमच्या डोळ्याखालून जायचं. जाफराबादकडे शेतात वाढलेला माणूस तुम्ही, पण लोखंड तुम्हाला आवाजावरून कळायचं. तोंड दाबलेला पाईप, बंद डबा, आत पाणी राहिलेलं काहीही दिसलं की छोट्या हातोडीनं वाजवून बघायचात आणि बाजूला फेकायचात. असलं काही वितळलेल्या लोखंडात पडलं की आतली हवा, आतलं पाणी फुगतं आणि भट्टी वर उसळते. हे तुम्ही मला जेवताना सांगितलं होतं, अगदी साधेपणानं. "बाहिरून काय येत न्हाई बाई भट्टीत. जे फुटतं ते आपणच टाकलेलं आसतंय."

पहिली मालिका माझी लाडकी. पांढरंशुभ्र जहाज, इस्त्रीच्या कपड्यातली माणसं, दर रविवारी नवा ग्रह. हिंदीत बोलणारा कप्तान खुर्चीतून उठायचा आणि मला वाटायचं, मोठं होऊन हेच करायचं. तुम्ही बाजेवर बसून चहा बशीत ओतत विचारलंत, "ह्या जहाजात झाडू कोण मारतंय?"

"अण्णा, ते पुढच्या काळातलं आहे."

"मंग पुढच्या काळात कचरा व्हत न्हाई का? आन सैपाक? ह्यो गडी सकाळधरनं खुर्चीतच बसून ऱ्हायलाय."

आई आतून म्हणाली, "तुमच्यासारखाच हाय की मंग."

ती मालिका संपली आणि रविवारच्या त्याच वेळेला दुसरी सुरू झाली. तिचं जहाज मळकं. भिंतींवरून पाईप गेलेले, माणसांचे हात काळे, दिवे मधेच फडफडणारे. ती कुठं शोधायला निघालेली माणसं नव्हती, घर सोडून आलेली होती. मला ती आवडली नाही. तुम्ही मात्र बशी खाली ठेवलीत. इंजिनाच्या खोलीत एक म्हातारा होता, तो पाईपांना कान लावून ऐकायचा. "ह्याला काम येतंय," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून रविवारी तुम्ही आधी येऊन बसायला लागलात. आज लेखात मला नेमकं हेच लिहायचं आहे, की पहिल्या मालिकेत संकट नेहमी खिडकीबाहेरून यायचं आणि दुसरीत ते जहाजाच्या पोटात आधीपासून असायचं. वाचणाऱ्याला हे माझं निरीक्षण वाटेल. ते तुमचं आहे.

शेवटून दुसऱ्या भागात तो म्हातारा कप्तानाला सांगतो की तिसऱ्या टाकीचा आवाज बदललाय, जहाज थांबवा. कप्तान म्हणतो, वेळ नाही. तिथंच भाग संपला. तुम्ही उठला नाहीत. पडद्यावर बातम्या सुरू झाल्या तरी बसून होता. "ऐकत न्हाईत," एवढंच म्हणालात. मला तेव्हा कळलं नाही की तुम्ही कोणाबद्दल बोलताय.

पुढच्या रविवारी तुमची पाळी होती. दुसरी भट्टी लागल्यापासून रविवारची सुट्टी सगळ्यांना मिळत नव्हती. काका त्या आठवड्यात चहाला आले होते. नात्यातले नव्हेत, शहागडचे, तुमच्या हाताखाली भंगार बघायला शिकून जेमतेम सहा महिने झालेले. मी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "काका, रविवारी अण्णांच्या जागी तुम्ही जाता का? आमचा शेवटचा भाग आहे."

तुम्ही माझ्यावर असे कधी ओरडला नव्हता. "कामाच्या गोष्टीत तोंड घालायचं न्हाई! ते काय खेळ हाय का?"

काका हसले. "ऱ्हाऊ द्या दादा. मला कुठं ते जहाज कळतंय. वर बघितलं की ढग दिसतेत, तेवढंच आपल्याला बराबर. मी जातो. मपल्या पाळीला तुम्ही या."

तुम्ही लगेच नाही म्हणाला नाहीत. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, तुम्हालाही तो भाग बघायचा होता. मग तुम्ही काकांना बारीकसारीक सांगत बसलात. बंद माल दिसला की बाजूला काढ. शंका आली तरी बाजूला काढ. सुपरवायझर जल्दी जल्दी करून ओरडला तर ओरडू दे. काका प्रत्येक वाक्याला "व्हय दादा" म्हणत होते, आणि चहा गार झाला होता.

त्या रविवारी तुम्ही अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसलात. मालिका सुरू झाली, पण तुम्ही बघत नव्हता, मान जराशी वाकडी करून भट्टीची घरघर ऐकत होता. म्हातारा पुन्हा कप्तानासमोर उभा राहिला होता. तेवढ्यात जमीन हलली. फडताळातली भांडी वाजली, एक तांब्या खाली पडला. आणि घरघर थांबली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, टीव्हीकडे नाही. मग अनवाणी पळालात. तुमच्यामागे आई.

भट्टीत गेला तो एका गाडीचा जुना शॉकअब्सॉर्बर होता, दोन्ही तोंडं बंद. ट्रक उशिरा आला होता, सुपरवायझर डोक्यावर उभा होता. काका भट्टीच्या कडेलाच होते. ते वाचले. डोळे वाचले नाहीत.

तुम्ही त्यानंतर टीव्ही लावला नाहीत. कपडा टाकलात त्यावर आणि तो कपडा वर्षानुवर्षं तसाच राहिला. काकांच्या घरी मात्र रोज जायचात, कामावरून थेट. पाच-सहा महिन्यांनी ते पहिल्यांदा आपल्या घरी आले, तुमच्या खांद्यावर हात ठेवून. बाजेवर बसले, आईला म्हणाले, "वहिनी, तुमचा चहा आजून तसाच गोड हाय, म्हंजे मला दिसत न्हाई तसं साखर टाकताना तुम्हालाबी दिसत न्हाई." आई हसली आणि आत जाऊन रडली. मग ते म्हणाले, "दादा, ज्याच्यापायी एवढं झालं, त्या जहाजाचं काय झालं ते तरी सांगा. बुडलं का तरलं?"

"म्या बघितलंच न्हाई," तुम्ही म्हणालात. "हिला इचार."

दोघांची तोंडं माझ्याकडे. मी म्हणाले, "लाईट गेल्ती काका."

"घ्या!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "म्हंजे कोणालाच दिसलं न्हाई."

तुम्ही मला त्याबद्दल नंतर कधी विचारलं नाहीत. सन दोन हजार उलटल्यावर, दवाखान्यातल्या त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला पाणी मागितलंत, काकांची चौकशी केलीत, खिडकी लावायला सांगितलीत. मी तेव्हा सांगू शकले असते. सांगितलं नाही.

लाईट गेली नव्हती, अण्णा. तुम्ही पळालात, आई पळाली, सगळी वस्ती फाटकाकडे धावली. मी उठले, दार लावून घेतलं, टीव्हीचा आवाज कमी केला आणि शेवटपर्यंत बघितलं. कप्तानानं म्हाताऱ्याचं ऐकलं. जहाज वाचलं. ते बघून, तिथं एकटी बसलेली असताना, मला आनंद झाला होता.